कणकवलीच्या पुलावरून खाली बघा

वाचकाचं पत्र

नमस्कार. गेल्या दिवाळीत आम्ही चौघं ठाण्याहून मालवणला गेलो होतो. लक्ष्मीपूजनाच्या आधीचे दोन दिवस परतीचा पाऊस नुसता कोसळत होता. भाऊबीजेला कडक ऊन पडलं म्हणून लगेच स्कूबाचं बुकिंग केलं. वेळ दिली होती सकाळी नऊची, पण गर्दीमुळे प्रत्यक्ष पाण्यात उतरायला साडेचार वाजले. आणि खाली दिसलं काय? चहा! आपल्याच घरचा, दूध कमी घातलेला चहा. माझा हात, इन्स्ट्रक्टरचा मास्क आणि काही तरी तरंगणारा कचरा. सोबत त्यांनीच काढून दिलेला व्हिडिओ पाठवत आहे.

गंमत पुढे आहे. माझा १९ वर्षांचा मुलगा मित्राकडे मालवणातच राहिला. तो षष्ठीला दुपारी साडेतीनला त्याच जागी उतरला. तेव्हा वरून चक्क पाऊस पडत होता, आणि त्याला प्रवाळ, मासे, सगळं दिसलं! म्हणजे उन्हात मला काही दिसलं नाही आणि पावसात त्याला दिसलं. हे कसं काय? आम्हाला फसवलं का? यंदा पुन्हा सगळे मिळून दिवाळीत जायचं म्हणतो आहोत. मोठा पाऊस झाला तर किती दिवस थांबायचं? आणि अशा गढूळ पाण्यात उतरणं धोक्याचं असतं का? लेक तर आता जूनमध्ये अंदमानला जाऊन कोर्सच करतो म्हणतोय.

– एक वाचिका, ठाणे

उत्तर

ताई, तुमचा व्हिडिओ मी तीनदा पाहिला. तुम्हाला तो बघवत नसेल, मला मात्र तो फार आवडला. त्यात मासे नाहीत, पण तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर आहे. त्याच्याकडे येतोच. आधी पावसावरचा आळ थोडा कमी करू.

स्कूबाच्या धंद्यातल्या माझ्या पहिल्या वर्षी तारकर्लीत मी ज्यांच्या बोटीवर होतो, त्या तांडेलांना, म्हणजे बोटीच्या प्रमुखांना, मी तुमच्यासारखंच विचारलं होतं, की काल एवढा पाऊस झाला, आज पाणी खराब असेल ना? ते म्हणाले, "पावसान दर्या खराब होना नाय, व्हाळान होता." व्हाळ म्हणजे ओढा. मला पुढची दहा वर्षं पुरेल एवढं शिक्षण त्या एका वाक्यात होतं. समुद्रावर पडणारा पाऊस स्वच्छ असतो. तो पाण्यावर टपटपतो, वरच्या थरात मिसळतो, थोडा उजेड कमी करतो, बस. तुमच्या मुलाच्या डोक्यावर पडत होता तो हा पाऊस. त्यानं त्याचं काहीच बिघडवलं नाही.

बिघडवतो तो जमिनीवर पडलेला पाऊस. सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो पडतो जांभ्याच्या लाल मातीवर, शेतांवर, खणलेल्या रस्त्यांवर, वाळूच्या आणि दगडाच्या खाणींवर. आपल्या नद्या आखूड. सह्याद्रीतून निघाल्या की शंभर किलोमीटरच्या आत समुद्राला मिळतात. रात्री घाटात कोसळला, की दुसऱ्या दिवशी खाडीचं तोंड लाल. मालवणच्या दोन बाजूंना अशा दोन नद्या आहेत. उत्तरेला कणकवलीवरून येणारी गड नदी कालावलच्या खाडीतून बाहेर पडते. दक्षिणेला कुडाळकडून येणारी कर्ली देवबागला समुद्रात शिरते. शिवाय गावाला लागूनच कोळंबची खाडी. म्हणून मालवणचं आभाळ बघून डाइव्हचा दिवस ठरवणं म्हणजे स्वतःच्या ताटात बघून शेजारणीच्या स्वयंपाकाचा अंदाज करण्यासारखं आहे. तुम्ही ठाण्याहून रस्त्यानं येता तेव्हा महामार्गावर कणकवलीला गड नदीचा पूल लागतो. तिथं गाडी जरा हळू करायला सांगा आणि खाली बघा. पाणी लाल आणि फुगलेलं असेल, तर हॉटेलवर पोचायच्या आधीच तुम्हाला उद्याची व्हिजिबिलिटी कळलेली असते.

व्हिजिबिलिटी म्हणजे पाण्याखाली आडवं किती लांबपर्यंत ओळखू येतं ते अंतर. डाइव्हर लोक नुसतं 'व्हिझ' म्हणतात. यात एक खोच आहे. मास्कच्या काचेतून पाण्यातली वस्तू खरी असते त्यापेक्षा सुमारे एक चतुर्थांश अंतरानं जवळ आणि एक तृतीयांश मोठी दिसते. म्हणून नवखा माणूस चार मीटरला तीन म्हणतो. उलट काउंटरवर बसलेला माणूस चारला आठ म्हणतो, त्यामागं मात्र कुठलं प्रकाशशास्त्र नाही.

आता घरी एक प्रयोग करा, यंदाच्या ट्रिपला येणार असलेल्या सगळ्यांना ओट्याभोवती उभं करून. काचेचे दोन पेले घ्या. दोन्हींत साधं पाणी. एकात पोह्याचा एक चमचा मीठ घालून विरघळू द्या. मग कुंडीतली चिमूटभर लाल माती वेगळ्या वाटीत पाण्यात कालवा आणि ते गढूळ पाणी दोन्ही पेल्यांत सारखं ओता, ढवळा, ठेवून द्या. जाड वाळू दोन्हीकडे लगेच खाली बसेल. नंतर मजा सुरू होते. मिठाच्या पेल्यात बारीक मातीचे कण एकमेकांना चिकटून गाठी होतात, साबुदाण्याच्या पिठासारख्या, आणि हळूहळू खाली उतरतात. गोड्या पाण्याचा पेला मात्र दुसऱ्या दिवशी सकाळीही दुधाळ-तांबूस असतो.

कण जितका बारीक तितका तो हट्टी. एका मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी वाळू अगदी स्तब्ध पाण्यात एक मीटर खाली जायला दोन मिनिटं घेते. मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा चिकणमातीचा सुटा कण तेवढ्याच अंतरासाठी जवळजवळ तेरा दिवस घेतो. समुद्राच्या खारटपणामुळे हे कण गोळा होऊन लवकर बसतात म्हणून आपलं बरं चाललंय, नाही तर जूनमध्ये आलेला गाळ कोकणच्या किनाऱ्यावर वर्षभर तरंगत राहिला असता. पण हे बसणं होतं ते पाणी शांत असलं तर. आणि इथे येतो तुमचा व्हिडिओ.

साधारण एक मिनिट वीस सेकंदांपासून पुढे बघा. कॅमेरा खडकासमोर स्थिर आहे. खडकावरचं शेवाळ एकदा पूर्ण डावीकडे झुकतं, मग पूर्ण उजवीकडे. मी घड्याळ लावून मोजलं. एका डावीकडच्या झोकापासून पुढच्या डावीकडच्या झोकापर्यंत नऊ सेकंद. ही वाऱ्यानं तिथल्या तिथे उठलेली लाट नव्हे, तिला एवढा वेळ लागत नाही. ही लांबून चालत आलेली लाट आहे. नऊ सेकंदांची लाट खोल समुद्रात एका माथ्यापासून दुसऱ्यापर्यंत सव्वाशे मीटर लांब असते, आणि लाटेची हालचाल तिच्या लांबीच्या निम्म्या खोलीपर्यंत जाणवते. म्हणजे साठ मीटर! तुम्ही होता सहा-सात मीटरवर. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासचा सगळा तळ त्या दिवशी कुणी तरी घर झाडावं तसा झाडला जात होता. दोन दिवसांत नदीनं आणून टाकलेली ताजी माती खाली बसायला गेली, की लाट तिला पुन्हा उचलायची.

अशी लाट यायला तुमच्या डोक्यावर वादळ लागत नाही. अरबी समुद्रात ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये वादळं होतात. २०१९ च्या ऐन दिवाळीत 'क्यार' आलं होतं, ते किनाऱ्यावर न धडकता ओमानच्या दिशेनं गेलं, पण जाता जाता सिंधुदुर्गाचा समुद्र असा काही ढवळून गेला की नंतर ऊन पडूनही पाण्यात उतरण्यात अर्थ नव्हता. त्याच्या पाठोपाठ 'महा' आलं. त्या दिवाळीत मी रोज सकाळी ग्राहकांना आभाळ निळं असताना "आज नाही" सांगत होतो आणि रोज शिव्या खात होतो.

व्हिडिओतली दुसरी गोष्ट. शेवाळ डावी-उजवीकडे हलतंय, पण पाण्यात तरंगणारे कण बघा. ते झुलत झुलत का होईना, एकूणात एकाच दिशेला सरकतायत. तुमच्या मास्कसमोरून ते सुकं पान गेलं, ते परत आलं नाही. हा ओहोटीचा ओढा. खाडीत भरलेलं लाल पाणी ओहोटी लागली की बाहेर येतं, भरतीला समुद्राचं त्यातल्या त्यात नितळ पाणी आत येतं. गाळ त्याच जागी, माणसं तीच, पण सकाळी आणि संध्याकाळी वेगळं दिसतं ते यामुळे.

तुम्ही पत्रात तिथ्या लिहिल्यात हे फार छान केलंत, तारखा लिहिल्या असत्यात तर मला पंचांग काढावं लागलं असतं. आपल्याकडे जुना आडाखा आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. भाऊबीज म्हणजे द्वितीया. दोनची पाऊणपट दीड. दुपारी दीडच्या सुमाराला भरती पूर्ण झाली, साडेचारला तुम्ही उतरलात तेव्हा ओहोटी ऐन जोरात. त्यातून अमावास्येनंतरचा दुसरा-तिसरा दिवस म्हणजे उधाण, वर्षातल्या मोठ्या भरती-ओहोट्यांपैकी एक. शिवाय ऑक्टोबरअखेरीला साडेचारचं ऊन तिरपं, त्यातलं काही पाण्यावरूनच परततं. आता लेकाचं गणित. षष्ठी, सहाची पाऊणपट साडेचार. तो साडेतीनला उतरला, म्हणजे भरती पुरी व्हायला तासभर बाकी, बाहेरचं पाणी आत येत असताना. उधाण ओसरून पाणी भांगाकडे, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या लहान भरती-ओहोटीकडे झुकलेलं. मधल्या चार दिवसांत नदी उतरलेली, लांबची लाटही निवली असणार. वरून पाऊस पडत होता तो कालच्या मातीला हातही लावू शकत नव्हता, आणि त्या दिवशीच्या सरीचं पाणी खाडीच्या तोंडापर्यंत पोचायलाच अजून अवकाश होता. एवढंच. हा आडाखा ढोबळ आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. नक्की वेळ त्या बंदराच्या भरतीच्या कोष्टकात मिळते, मोबाइलवरही.

यातून एक नकोशी गोष्ट निघते. दिवाळी अमावास्येची. म्हणजे पुण्या-मुंबईची सगळी गर्दी दरवर्षी न चुकता उधाणाच्या पाण्यात येते, तेही परतीचा पाऊस जेमतेम आवरलेला असताना. शिवाय गर्दी स्वतःच पाणी घाण करते. एका खडकाभोवती एका वेळी पंधरा नवखी माणसं, प्रत्येकाचे पाय तळाला लागतायत, कुणी उभंच राहतंय. तिथं कुठल्या नदीची गरजही नाही.

फसवलं का, तर तुम्ही काय विचारलंत यावर ते आहे. गढूळ पाणी ही त्यांची चूक नाही. पण सकाळपासून जी मंडळी लोकांना पाण्यात उतरवत होती, त्यांना साडेचारचं पाणी कसं असेल हे ठाऊक होतं. बोटीवरच्या कुणालाही ठाऊक असतं. "ताई, आता ओहोटी आहे, काही दिसणार नाही, उद्या दुपारी बाराला या, नाही तर पैसे परत घ्या," एवढं म्हणायला हवं होतं. ते म्हटलं नाही, हा दोष आहे आणि तो मी धंद्यातला माणूस असूनही झाकणार नाही. अर्धे पैसे मागून बघा. व्हिडिओचे वेगळे घेतले असतील तर ते पूर्ण मागा.

मोठ्या पावसानंतर किती थांबायचं, याला सरसकट आकडा देणारा माणूस एक तर खोटं बोलतोय किंवा एकाच जागी डाइव्ह करतोय. तरी विचारलंच आहेत तर माझा हिशेब सांगतो. पाऊस थांबला तो दिवस धरायचा नाही. घाटातला पाऊस थांबून नदी उतरायला लागली तो पहिला दिवस. तिथून मालवण-देवबागसारख्या, खाडीच्या तोंडाजवळच्या जागी तीन-चार दिवस. या दरम्यान लांबची लाट चालू असेल, तर मोजणी थांबवायची आणि समुद्र निवल्यावर पुन्हा चालू करायची. तीन दिवसांचं दुसरंही एक कारण आहे. पुराच्या पाण्यात मातीबरोबर गटारं, गोठे, उकिरडे सगळं वाहून येतं. अमेरिकेत लॉस एंजेलिसचं आरोग्य खातं मोठ्या पावसानंतर ७२ तास समुद्रात उतरू नका असं सांगतं. आपल्या खाड्यांना तो नियम अधिकच लागू पडतो. कान फुटून येणं, जुलाब, डोळे येणं, आणि अंगावर जखम असेल तर लेप्टोही. सोबतच्या कुणा वडीलधाऱ्यांना मधुमेह वगैरे असेल आणि पायाला भेग असेल, तर त्यांना त्या दिवसांत गुडघाभर पाण्यातही नेऊ नका.

खाडीपासून दूर गेलात की हा हिशेब सैल होतो. मुरुडेश्वरजवळचं नेत्राणी बेट किनाऱ्यापासून वीस किलोमीटरच्या आसपास आत आहे, तिथं नदीची लाल माती पोचते ती फारच पातळ होऊन. विजयदुर्गासमोर शंभर किलोमीटरवर आंग्रिया बँक आहे, समुद्राखालचं पठारच ते, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं. तिथलं पाणी निळं, कारण तिथपर्यंत कोकणातली एकही नदी पोचत नाही. पण ते तुमच्यासाठी नव्हे, तिथं वरचा माथाच वीस मीटर खोल आहे. गोव्याच्या ग्रँड बेटाची गोष्ट मात्र मालवणसारखीच, समोर जुवारीचं तोंड. तिथं पावसानंतर गेलेल्या माझ्या एका मित्रानं परत येऊन एवढंच सांगितलं, "टाकी चांगली होती."

कधी कधी मात्र गढूळ पाणी हे फक्त वरचं छप्परच असतं. गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं. लिटरमागं समुद्रात पस्तीसेक ग्रॅम मीठ असतं, त्यामुळे नदीचं लाल पाणी समुद्रावर तेलासारखं पसरतं. एका सप्टेंबरमध्ये, हंगाम नुकताच उघडला होता, आम्ही बाहेरच्या खडकांवर बारा-चौदा मीटर पाण्यात बघायला म्हणून उतरलो. वर पाणी तांबडं, मास्कसमोर स्वतःचं मनगटही दिसेना. दोरी धरून खाली. दीड-दोन मीटरवर डोळ्यांसमोरचं सगळं थरथरायला लागलं, सरबतात साखर विरघळताना पेल्याच्या तळाशी रेघा नाचतात तसं. गोडं आणि खारं पाणी तिथं मिसळत होतं. दोन्ही पाण्यांतून जाताना उजेड वेगवेगळा वाकतो, म्हणून नजर धूसर होते. लोक इथं मास्क पुसायला लागतात, त्याचा उपयोग नसतो. आणखी हातभर खाली गेलो आणि एकदम नितळ. पाच-सहा मीटर सरळ दिसत होतं, पण अंधारं, भर दुपारी बाहेरून माजघरात शिरल्यासारखं. वरच्या लाल छपरानं उजेड अडवला होता. खडकावर एक भला मोठा गोबरा मासा आमच्याकडे बघत होता, त्याला वरच्या पुराची खबरही नसावी. किल्ल्याजवळच्या सहा-सात मीटरांत हे सहसा मिळत नाही, लाट वरचं खालचं एक करून टाकते. खोल आणि शांत पाण्यात मिळतं.

आता धोका. तुम्ही केलंत त्याला पहिली ओळख-डाइव्ह म्हणतात. त्यात इन्स्ट्रक्टरनं तुम्हाला सोडायचंच नसतं, दंडाला किंवा टाकीला त्याचा हात असतोच. त्यामुळे दिसलं नाही तरी हरवायची भीती तशी कमी. भीती वेगळी असते. सगळीकडे सारखाच तपकिरी रंग दिसायला लागला, की वर कुठे आणि खाली कुठे हे डोक्याला कळेनासं होतं. मग चक्कर येते, मळमळतं, आणि माणूस वर पळायला बघतो, श्वास कोंडून. टाकीची हवा घेऊन श्वास कोंडून वर येणं हा या खेळातला सगळ्यात घातक मूर्खपणा आहे, फुप्फुसं फाटू शकतात. म्हणून अशा पाण्यात उतरायचंच तर नांगराच्या दोरीनं, दोरी सोडायची नाही, आणि गोंधळ झाला तर आपल्याच बुडबुड्यांकडे बघायचं. ते जातात तिकडे वर. इन्स्ट्रक्टरला एका वेळी दोन-दोन माणसं दिली असतील, तर गढूळ दिवशी सरळ नाही म्हणा. त्याला हात दोनच आहेत आणि त्यातला एक त्याला स्वतःला लागतो.

पुराबरोबर आलेले ओंडके, फाटकी जाळी, नायलॉनच्या दोऱ्या हेही लक्षात ठेवा. जाळं नितळ पाण्यातही नीट दिसत नाही. आणि वर बोटी असतात. लाल पाण्यात बोटवाल्याला तुमचं डोकं दिसत नाही. आमच्या बोटीवर मी नारिंगी फुगा वर सोडल्याशिवाय कुणालाही वर येऊ द्यायचो नाही, त्याबद्दल मला काही दिवस 'फुगेवाला' म्हणत.

लेक कोर्स करणार आहे, तर त्याच्यापुरतं दोन शब्द. सोबती दिसेनासा झाला तर एक मिनिट शोधायचं, जागेवर गोल फिरून, मग सावकाश वर यायचं. सोबतीही तेच करत असतो, म्हणून दोघं वर भेटतात. मुलं हे परीक्षेत बरोबर लिहितात आणि पाण्यात दहा मिनिटं शोधत बसतात. टॉर्च असेल तर तोंडासमोर धरून सरळ पुढे मारायचा नाही. घाटातल्या धुक्यात गाडीचा हेडलाइट अप्पर केला की पांढरी भिंत उभी राहते, तेच पाण्यात होतं. हात लांब करून बाजूनं तिरका उजेड टाकायचा. आणि लांबचं बघायचा नाद सोडून वीतभर अंतरावर नाक नेलं, तर गढूळ पाण्यातही खेकडे, गोगलगायी, नळीत राहणारे किडे सापडतात.

जून मात्र टाळायला सांगा. अंदमानात नैर्ऋत्य मोसमी पाऊस आपल्या आधी पोचतो. तिथं मोठ्या नद्या नाहीत, तरी डोंगर आहेत, तिवरांच्या खाड्या आहेत आणि वारा आहे. पाणी आपल्यापेक्षा बरंच असतं, पण स्वराज द्वीपाचं (पूर्वीच्या हॅवलॉकचं) नाव ऐकून डोळ्यांसमोर येतं ते नव्हे, आणि बोटी रद्द होतात त्या वेगळ्याच. जानेवारी ते एप्रिल जाऊ दे. लक्षद्वीपला तर नदीच नाही, ओढाही नाही, प्रवाळाची पांढरी वाळू. कितीही पाऊस पडो, लाल माती आणायची कुठून? पावसाळ्यात तिथं अडवतात त्या लाटा. आपल्याकडे मेअखेरीपासून ऑगस्टअखेरीपर्यंत किल्ल्याच्या होड्या आणि जलक्रीडा बंदच असतात, त्यामुळे तो प्रश्न सरकारनं सोडवलेला आहे.

यंदाचं म्हणाल तर दिवाळीत मालवणला जरूर जा, घावणे खा, किल्ला बघा, स्कूबाचे पैसे भरू नका. डाइव्हसाठी कार्तिक वद्य दशमी ते द्वादशी हे तीन दिवस धरा, इंग्रजी महिन्यानं नोव्हेंबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत कधीही. परतीचा पाऊस तोवर गेलेला असतो. उधाण नसतं. दशमीची पाऊणपट साडेसात, द्वादशीची नऊ, म्हणजे सकाळी साडेसात ते नऊच्या दरम्यान पाणी भरलेलं, आणि त्या वेळी वाराही पडलेला असतो. दुपारी वारा सुटला की समुद्रावर खवले उठतात. मुलांचं शाळा-कॉलेज बुडतं दोन दिवस, ते तुम्ही बघा.

बुकिंगचा फोन कराल तेव्हा "व्हिजिबिलिटी कशी आहे?" असं विचारू नका. "बेस्ट आहे मॅडम" हे उत्तर त्यांना पाठ असतं. आन्जेलो सेक्की नावाच्या इटालियन धर्मगुरूनं १८६५ साली पोपच्या जहाजावरून एक पांढरी थाळी दोरीला बांधून समुद्रात सोडली, आणि ती किती खोलीवर दिसेनाशी होते ते मोजलं. समुद्राचं पाणी किती नितळ आहे हे शास्त्रज्ञ अजूनही अशा थाळीनं मोजतात. आमचे तांडेल ती थाळी न बघताच तेच करायचे, नांगराची दोरी सोडताना. म्हणून फोन मालकाऐवजी बोटीवरच्या माणसाला द्यायला सांगा आणि विचारा, "आज सकाळी नांगर किती वाव खाली जाईपर्यंत दिसत होता?" वाव म्हणजे दोन्ही हात पसरले की होतं तेवढं अंतर, साधारण सहा फूट. तो तीन वाव म्हणाला तर निघा. एक म्हणाला, तर त्याला विचारा कणकवलीला पाऊस आहे का.